मेंदूच्या शस्त्रक्रियेत व्हीआर आणि एआर तंत्रज्ञान: रुग्ण आणि नातेवाईकांसाठी माहिती

मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की घरात एकच धावपळ सुरू होते. दुसरे मत, पैशांची जुळवाजुळव, ओळखीच्या डॉक्टरांना फोन आणि मोबाइलवर शोधाशोध. या शोधात हल्ली व्हीआर आणि एआर हे शब्द वारंवार दिसतात. काही रुग्णालयांच्या जाहिरातींत डोळ्यांवर मोठा चष्मा चढवलेले सर्जन असतात. साहजिकच प्रश्न पडतो: हे तंत्रज्ञान नसेल तर आपल्या माणसाचे ऑपरेशन कमी सुरक्षित होईल का? त्यासाठी रुग्णालय बदलावे का? व्यायामासाठी हेडसेट विकत घ्यावा का?

या लेखात हे तंत्रज्ञान कसे चालते, ते कुठे उपयोगी पडते, कुठे कमी पडते आणि निर्णय घेण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत, हे पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• व्हीआर आणि एआर ही सर्जनला चित्र दाखवणारी साधने आहेत. ती स्वतः ऑपरेशन करत नाहीत.
• हे चित्र तुमच्याच एमआरआय आणि सीटी स्कॅनवरून तयार होते. स्कॅन जितका चांगला, तितके चित्र चांगले.
• नियोजन, प्रशिक्षण आणि रुग्णाला आजार समजावणे यांत त्यांचा उपयोग होतो. त्यांच्यामुळे रुग्ण अधिक वर्षे जगतात, असे सिद्ध झालेले नाही.
• पक्षाघातानंतर नेहमीच्या फिजिओथेरपीला जोड म्हणून व्हीआर वापरता येते. ती फिजिओथेरपीची जागा घेत नाही.
• फिट येणाऱ्या, डोक्यात शंट किंवा इतर उपकरण बसवलेल्या आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट वापरू नये.

व्हीआर आणि एआर म्हणजे काय?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, मराठीत आभासी वास्तव. यात डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट घालतात. बाहेरची खोली दिसेनाशी होते आणि संगणकाने तयार केलेले त्रिमितीय दृश्य दिसते. मान वळवली की दृश्यही वळते. मेंदूचे असे दृश्य तयार केले, तर सर्जन गाठीच्या भोवती फिरून ती समोरून, मागून, खालून पाहू शकतात.

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी. यात समोरचे खरे दृश्य दिसत राहते आणि त्यावर संगणक जास्तीची माहिती दाखवतो. रुग्णाच्या डोक्याकडे पाहताना आतल्या गाठीची कडा रंगीत रेषेने दिसते. ही रेषा पारदर्शक चष्म्यात दिसू शकते किंवा ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपमध्येही दिसू शकते.

सोपे उदाहरण घ्या. नव्या गावी जाण्याआधी घरी बसून नकाशावर रस्ता नीट पाहून ठेवणे म्हणजे व्हीआर. गाडी चालवताना समोरच्या काचेवरच वळणाची खूण दिसणे म्हणजे एआर. दोन्हींत गाडी चालवायची ती चालकानेच, आणि रस्त्यात नवा खड्डा पडला असेल तर तो नकाशात नसतो.

हे चित्र कुठून येते?

मेंदूचे चित्र तयार करण्यासाठी वेगवेगळ्या तपासण्या एकत्र केल्या जातात.

• एमआरआय: मेंदू, गाठ आणि आजूबाजूची सूज दाखवतो. यासाठी सुमारे एक मिलिमीटर जाडीचे बारीक काप घेतात.
• सीटी स्कॅन: कवटीचे हाड आणि ताजा रक्तस्राव चांगला दाखवतो.
• अँजिओग्राफी: रक्तवाहिन्या दाखवते. रक्तवाहिनीला फुगा आला असेल तर ही तपासणी फार महत्त्वाची.
• फंक्शनल एमआरआय: बोलताना किंवा हात हलवताना मेंदूचा कोणता भाग काम करतो, याचा अंदाज देतो.
• ट्रॅक्टोग्राफी: एमआरआयचाच एक प्रकार. हातापायांकडे आणि भाषेच्या केंद्रांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्यांचा मार्ग संगणक त्यातून काढतो.

संगणकावर गाठ, रक्तवाहिन्या, हाड आणि मज्जातंतू यांना वेगवेगळे रंग दिले जातात. गाठीची कडा नेमकी कुठे संपते, हे काही वेळा संगणक ठरवतो आणि डॉक्टर तपासतात, तर काही वेळा डॉक्टर स्वतः आखतात. म्हणजे पडद्यावरच्या सुबक रंगीत चित्रामागे माणसाचा निर्णय असतो. ट्रॅक्टोग्राफीतले रंगीत धागेही खऱ्या तंतूंचे फोटो नसतात. पाण्याचे रेणू मेंदूत कोणत्या दिशेने सरकतात, यावरून काढलेला तो हिशेब असतो. गाठीभोवती सूज असेल तर हा हिशेब चुकू शकतो.

नातेवाईक नेहमी विचारतात, “एमआरआय तर झालाय, मग पुन्हा का?” याचे कारण बहुधा हेच असते. निदानासाठी केलेल्या एमआरआयचे काप जाड असतील तर त्यावरून ऑपरेशनचा नकाशा बनत नाही. दुसऱ्या रुग्णालयात जाताना फक्त फिल्म आणि रिपोर्ट नेऊ नका. स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्हमधला मूळ डेटा न्या. तो चांगला असेल तर पुन्हा स्कॅन करण्याचा खर्च कदाचित वाचेल.

हे तंत्रज्ञान कसे विकसित झाले?

एआर ही मेंदूच्या शस्त्रक्रियेत अगदी कालची गोष्ट नाही. १९८६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे न्यूरोसर्जन डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनमधील गाठीची बाह्यरेषा ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपमध्ये दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे न्यूरोनेव्हिगेशन म्हणून जे तंत्र जगभर पसरले, त्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक होती.

२००९ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे डॉ. डेव्हिड क्लार्क यांनी एका रुग्णाच्या मेंदूतील गाठ आधी सिम्युलेटरवर काढून पाहिली आणि मग प्रत्यक्ष ऑपरेशन केले. त्या विशिष्ट रुग्णाच्याच स्कॅनवरून हा सराव झाला होता.

२०१६ साली फ्रान्समधील आंजे येथील विद्यापीठ रुग्णालयाने जाग्या रुग्णाच्या मेंदूच्या ऑपरेशनमध्ये व्हीआर हेडसेट वापरल्याचे जाहीर केले. रुग्णाची नजर जपायची होती. ऑपरेशन चालू असताना हेडसेटमध्ये दृश्ये दाखवून त्याला कुठपर्यंत दिसते, हे तपासण्यात आले.

२०२० च्या जूनमध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे एआर हेडसेट वापरून एका रुग्णाच्या पाठीच्या मणक्यात सहा स्क्रू बसवण्यात आले. बातम्यांत मणक्याची आणि मेंदूची ऑपरेशने बऱ्याचदा एकत्र केली जातात. मणका हाडाचा असतो, त्याचा आकार बदलत नाही. मेंदू मऊ असतो. त्यामुळे मणक्यातील यश मेंदूलाही तसेच्या तसे लागू होत नाही.

२०२२ साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे डोक्याने जोडलेल्या जुळ्या मुलांना वेगळे करण्यात आले. लंडनचे डॉ. नूर उल ओवैस जिलानी आणि रिओचे सर्जन यांनी हेडसेट घालून, हजारो किलोमीटर अंतरावरून, एकाच आभासी खोलीत एकत्र सराव केला. मुलांवर एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या आणि जवळपास शंभर जणांचा वैद्यकीय चमू त्यात होता. इतक्या तयारीनंतरही, आधीच्या शस्त्रक्रियांमुळे तयार झालेल्या चिकट, घट्ट ऊतींनी प्रत्यक्ष काम फार अवघड केले.

शस्त्रक्रियेआधी काय उपयोग होतो?

मार्ग ठरवणे: मेंदूत खोलवर जायचे तर कुठून जायचे, हा न्यूरोसर्जनपुढचा मुख्य प्रश्न असतो. समजा हातापायाची हालचाल सांभाळणाऱ्या भागाजवळ गाठ आहे. सरळ मार्ग सर्वांत जवळचा असला तरी तो या भागातून जात असेल, तर थोडा लांबचा तिरका मार्ग सुरक्षित ठरतो. सपाट कापांवरूनही अनुभवी सर्जन हे मनात जुळवतात. त्रिमितीय चित्रात ते समोर दिसते आणि सगळ्या चमूला एकत्र चर्चा करता येते.

रक्तवाहिनीच्या फुग्यावर क्लिप लावणे: फुगा कोणत्या दिशेला आहे, त्याची मान किती रुंद आहे, मागे कोणती बारीक वाहिनी लपली आहे, हे आधी पाहिले तर क्लिप कोणत्या बाजूने लावायची, हे ठरवणे सोपे जाते.

प्रशिक्षण: नवे सर्जन सिम्युलेटरवर एखादी कृती पुन्हा पुन्हा करू शकतात. मेंदूतील पाणी काढण्यासाठी नळी घालणे, हाडाला छिद्र पाडणे, गाठ थोडी थोडी काढणे असे सराव त्यावर होतात. चुकले तर कोणालाही इजा होत नाही.

रुग्णाला समजावणे: पारंपरिक एमआरआय फिल्म रुग्णाला कळत नाही. राखाडी चित्रातील पांढरा ठिपका पाहून भीती मात्र वाढते. स्वतःच्याच मेंदूचे त्रिमितीय चित्र पाहिल्यावर गाठ कुठे आहे, कुठून काढणार, धोका कशाला आहे, हे लवकर समजते. काही अभ्यासांत अशा रुग्णांची समज वाढल्याचे आणि चिंता कमी झाल्याचे दिसले आहे.

इथे नातेवाईकांना एक विनंती आहे. आपल्याकडे पुष्कळ वेळा “पेशंटला काही सांगू नका, आम्हाला सांगा” असे डॉक्टरांना म्हटले जाते. त्यामागे प्रेम आणि काळजी असते. पण ज्याच्या डोक्याचे ऑपरेशन आहे, त्याला समजण्याची स्थिती असेल तर माहिती मिळण्याचा आणि होकार किंवा नकार देण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. त्याला आधी विचारा: “तुला चित्र पाहायचंय का? किती सविस्तर ऐकायचंय?” काही जणांना सगळे पाहायचे असते, काहींना नको असते. दोन्ही उत्तरे योग्य आहेत. चित्र पाहायला नको म्हणणाऱ्यालाही ऑपरेशन कशासाठी, धोके कोणते, दुसरे पर्याय काय आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल, हे सांगायलाच हवे.

शस्त्रक्रिया चालू असताना काय होते?

बहुतेक मोठ्या न्यूरोसर्जरी केंद्रांत न्यूरोनेव्हिगेशन वापरतात. भूल दिल्यावर डोके एका चौकटीत घट्ट धरतात. या चौकटीला जोडलेल्या खुणा कॅमेऱ्याला दिसतात. मग सर्जन विशिष्ट पॉइंटर चेहऱ्यावरील आणि डोक्यावरील ठरावीक जागांवर टेकवतात आणि संगणक खऱ्या डोक्याची स्कॅनशी जुळणी करतो. त्यानंतर पॉइंटर जिथे टेकेल, ती जागा पडद्यावरील एमआरआयमध्ये दिसते.

काही ठिकाणी यासाठी स्कॅनच्या आधी कपाळावर आणि डोक्यावर छोट्या गोल चकत्या चिकटवतात. त्या चकत्या काढू नका, धुवून टाकू नका. एखादी निघाली तर स्वतः पुन्हा न चिकटवता लगेच नर्सला सांगा. जागा बदलली की जुळणी चुकते.

एआरमुळे हीच माहिती पडद्याऐवजी मायक्रोस्कोपमध्ये किंवा चष्म्यात दिसते. सर्जनला सारखी मान वळवून पडद्याकडे पाहावे लागत नाही. त्वचेवर छेद कुठे घ्यायचा आणि हाडाची खिडकी किती मोठी ठेवायची, हे ठरवताना याचा चांगला उपयोग होतो.

मेंदू सरकतो तेव्हा

कवटी उघडून मेंदूवरचे आवरण कापले की आतले पाणी बाहेर येते, गुरुत्वाकर्षणाने मेंदू थोडा खाली बसतो, गाठ काढली की मोकळी झालेली जागा आकसते. याला ब्रेन शिफ्ट म्हणतात. हे सरकणे काही मिलिमीटरपासून एक सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असू शकते. नेव्हिगेशनची मूळ अचूकता साधारण दोन-तीन मिलिमीटर असते. पण स्कॅन ऑपरेशनच्या आधीचा असल्यामुळे ऑपरेशन पुढे सरकते तसतसा नकाशा जुना होत जातो.

म्हणून सर्जन केवळ रंगीत रेषेवर विसंबत नाहीत. ऑपरेशनमध्येच सोनोग्राफी करणे, सोय असेल तर तिथेच पुन्हा एमआरआय करणे, मज्जातंतूंचे विद्युत संकेत तपासणे आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी ऊती ओळखणे, हे सर्व चालूच असते.

एआरची दुसरी मर्यादा लक्ष विचलित होण्याची आहे. समोर रंगीत रेषा असेल तर नजर तिच्यावरच खिळते आणि शेजारची अनपेक्षित गोष्ट सुटू शकते. सर्जनांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसून आले आहे. त्यामुळे गरज नसेल तेव्हा हे चित्र बंद करणे हेही कौशल्यच आहे.

रुग्ण जागा असताना ऑपरेशन

भाषेच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ गाठ असेल तर काही वेळा रुग्णाला ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात जागे ठेवतात. ऐकून धक्का बसतो, पण मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना जाणवत नाही. डोक्याची त्वचा आणि मेंदूवरचे आवरण यांना वेदना जाणवते, म्हणून ते भाग बधिर करतात.

सर्जन मेंदूच्या एखाद्या जागेला सौम्य विद्युत प्रवाह देतात आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रे ओळखायला सांगतात: छत्री, किल्ली, बैल. शब्द अडखळला तर ती जागा जपायची. ही तपासणी रुग्णाच्या रोजच्या भाषेत व्हायला हवी. रुग्ण घरी मराठी आणि कामावर हिंदी किंवा इंग्रजी बोलत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. एकाच व्यक्तीच्या दोन भाषांसाठी मेंदूतील जागा काही प्रमाणात वेगळ्या असू शकतात. चित्रांचा सराव आदल्या दिवशी करून घेतात. आंजेसारख्या केंद्रांत ही दृश्ये दाखवण्यासाठी हेडसेट वापरला गेला आहे. बहुतेक ठिकाणी साधा पडदा किंवा टॅब्लेट वापरतात आणि त्यावरही काम चांगले होते.

शस्त्रक्रियेनंतर आणि पक्षाघातानंतर

पक्षाघातानंतर हात-पाय पुन्हा चालायला लागण्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. रुग्ण कंटाळतो, निराश होतो. व्हीआरमधील खेळात हात पुढे करून फळ तोडायचे किंवा चेंडू अडवायचा असेल तर व्यायाम जास्त वेळ होतो. तोल सांभाळणे, चालण्याचा सराव आणि शरीराच्या एका बाजूकडे दुर्लक्ष होत असेल तर त्या बाजूला लक्ष द्यायला शिकवणे, यांसाठीही व्हीआर वापरतात.

पुरावा काय सांगतो? कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यात ७२ अभ्यास आणि २,४७० रुग्णांची माहिती एकत्र केली होती. हाताच्या कामासाठी नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर वापरले तर जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या थेरपीच्या जोडीला वापरून व्यायामाचा एकूण वेळ वाढवला तेव्हा मात्र फायदा दिसला. २०२५ मध्ये हा आढावा बऱ्याच नव्या अभ्यासांसह पुन्हा प्रसिद्ध झाला. त्यातही हाताच्या कामात थोडी सुधारणा दिसली, मोठी नाही.

याचा घरगुती अर्थ असा की, फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम रोज नियमाने होत असेल तर व्हीआर नाही म्हणून रुग्णाचे फार मोठे नुकसान होत नाही. उलट हेडसेट घेतला आणि फिजिओथेरपी बंद केली, तर नुकसान होऊ शकते. उसने पैसे काढून हेडसेट घेण्याची गरज नाही. त्याच पैशांत फिजिओथेरपीची जास्त सत्रे मिळत असतील, तर ती आधी घ्या.

वेदना आणि भीती कमी करण्यासाठीही व्हीआर वापरतात. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाळ प्रदेशाचा खेळ तयार केला होता. जखमेचे ड्रेसिंग चालू असताना लक्ष खेळात गुंतले की वेदना कमी जाणवते. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचाराला परवानगी दिली. मात्र मेंदूच्या ऑपरेशननंतर अचानक वाढलेली डोकेदुखी हेडसेट लावून विसरण्याची गोष्ट नाही. ती डॉक्टरांना लगेच सांगायला हवी.

हेडसेट कोणी जपून वापरावा?

फिट येणारे रुग्ण: मेंदूतील गाठ, पक्षाघात किंवा ऑपरेशननंतर फिट येण्याची शक्यता वाढते. फिट येणाऱ्या सुमारे तीन टक्के लोकांना लुकलुकणाऱ्या प्रकाशानेही फिट येऊ शकते. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्याही अशी सूचना छापतात. तुमच्या न्यूरोलॉजिस्टची परवानगी घेतल्याशिवाय वापरू नका. फिटच्या गोळ्या चुकवू नका.

डोक्यात शंट असलेले रुग्ण: मेंदूतील जादा पाणी पोटात सोडणाऱ्या काही शंटची झडप बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येते. हेडसेट आणि हेडफोनमध्ये चुंबक असतात. ते झडपेच्या अगदी जवळ आले तर काही प्रकारच्या झडपांचे सेटिंग बदलू शकते. तुमच्या शंटचे कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि विचारा. पार्किन्सन्ससाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या आणि पेसमेकर असलेल्या रुग्णांनीही आधी विचारावे.

ताजी जखम किंवा कवटीचे हाड काढून ठेवलेले असल्यास: हेडसेटचा पट्टा टाक्यांवर किंवा हाड नसलेल्या मऊ भागावर दाबला जाता कामा नये.

चक्कर आणि मळमळ: डोळ्यांना हालचाल दिसते, पण शरीर स्थिर असते, त्यामुळे काहींना गाडी लागल्यासारखे होते. सुरुवात पाच-दहा मिनिटांपासून करा. त्रास होताच हेडसेट काढा.

पडण्याचा धोका: एका बाजूची ताकद कमी असेल तर हात असलेल्या खुर्चीत बसूनच वापरा आणि शेजारी कोणीतरी थांबा. हेडसेट काढल्यावर लगेच उठू नका.

डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत?

ओपीडीत गर्दी असते आणि घाबरल्यामुळे अर्धे प्रश्न आठवत नाहीत. कागदावर लिहून न्या.

• माझ्या आजारात ऑपरेशनचा उद्देश काय? पूर्ण गाठ काढणे, थोडी काढणे की फक्त तुकडा तपासणीला घेणे?
• अशी किती ऑपरेशने तुम्ही आणि तुमच्या चमूने केली आहेत?
• बोलणे, नजर, हातपाय यांपैकी कशाला धोका आहे?
• नेव्हिगेशन वापरणार का? व्हीआर किंवा एआरने माझ्या बाबतीत नेमका काय फरक पडेल?
• ते यंत्र त्या दिवशी बंद पडले तर काय कराल?
• यासाठी वेगळे पैसे लागतील का? विम्यात ते बसतात का?
• माझे स्कॅन आणि चित्रे प्रशिक्षणासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरणार असाल तर माझी परवानगी घेणार का?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल तर रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा. तुमच्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये काय काय येते आणि कशासाठी वेगळे पैसे मागितले जात आहेत का, हे आधीच विचारून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रुग्णालयात व्हीआर नाही. दुसरीकडे जावे का?

केवळ या कारणासाठी नाही. अनुभवी न्यूरोसर्जन, चांगले भूलतज्ज्ञ, मायक्रोस्कोप, गरजेप्रमाणे नेव्हिगेशन आणि २४ तास चालणारा आयसीयू या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. गाठ खोल असेल किंवा महत्त्वाच्या भागात असेल आणि डॉक्टरांनीच मोठ्या केंद्रात जायला सांगितले, तर जरूर जा.

यंत्राने ऑपरेशन केले तर चूक होणार नाही ना?

व्हीआर आणि एआर काहीही कापत नाहीत. प्रत्येक निर्णय सर्जनचाच असतो. कोणतेही तंत्रज्ञान धोका शून्यावर आणत नाही. तसे आश्वासन कोणी दिले, तर सावध राहा.

तातडीच्या ऑपरेशनमध्येही हे वापरतात का?

अपघातानंतर मेंदूवर रक्त साचले असेल तर सीटी स्कॅन करून लवकरात लवकर ऑपरेशन करणे महत्त्वाचे असते. तिथे त्रिमितीय चित्राची वाट पाहत नाहीत आणि पाहूही नये.

बायोप्सीची गरज राहते का?

हो. चित्रावरून गाठीची जागा आणि आकार कळतो. ती कोणत्या प्रकारची आहे, हे नक्की कळण्यासाठी तुकड्याची तपासणी लागते. पुढचे रेडिएशन किंवा केमोथेरपी त्यावरच ठरते.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

पुढीलपैकी काहीही झाले तर मोबाइलवर माहिती शोधत बसू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

• तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हातापायाची ताकद अचानक जाणे, बोलणे अडखळणे
• आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू होणे
• पहिल्यांदाच फिट येणे किंवा पाच मिनिटांत फिट न थांबणे
• ऑपरेशननंतर ताप, मान आखडणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे
• उलट्या, वाढती झोप, हाक मारल्यावर नीट उत्तर न देणे
• शंट असलेल्या रुग्णाला डोकेदुखी, उलट्या आणि सुस्ती येणे

पक्षाघातात लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना तीच आधी सांगा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पुढच्या भेटीला जाताना

स्कॅनची सीडी, चालू औषधांची यादी, आधीच्या ऑपरेशनचे कागद आणि वर दिलेल्या प्रश्नांचा कागद सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांनी त्रिमितीय चित्र दाखवले तर रुग्णाच्या शेजारी बसून पाहा आणि न कळलेली गोष्ट तिथेच पुन्हा विचारा. चित्र दाखवण्याची सोय नसेल तर कागदावर काढून दाखवा, असे सांगा. गाठ कुठे आहे, कुठून जाणार आहेत आणि कशाला जपायचे आहे, या तीन गोष्टी रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या, तरच होकाराच्या कागदावर सही करा. तातडीची वेळ नसेल तर एक दिवस विचार करायला मागण्यात काहीच गैर नाही.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या रुग्णाची तपासणी केलेल्या डॉक्टरांचा सल्ला तिच्यापेक्षा महत्त्वाचा आहे.